शिकलेली आई आणि जगलेलें मूल

तान्हें मूल दगावलें म्हणजे शेजारीपाजारी एक निवाडा फार लवकर होतो. मूल श्रीमंताचें असेल तर तें दैवानें गेलें आणि गरिबाचें असेल तर तें आईच्या अडाणीपणानें गेलें, असा तो निवाडा असतो. आम्ही पांढरपेशे लोक तो सहज बोलून जातों. त्यांत दुष्टपणा नसतो. उलट थोडी कणवच असते. पोरीला चार अक्षरें आलीं असतीं तर लेकरूं वांचलें असतें, असें म्हणून आपण हळहळतों आणि आपल्या घरांतल्या मुलीला शाळेंत घातल्याचें समाधानहि त्याबरोबर पदरांत पाडून घेतों. हा निवाडा खरा कीं खोटा, आणि खरा असल्यास तो कोणत्या अर्थानें खरा, याचा शोध गेल्या अर्ध्या शतकांत जगाच्या निरनिराळ्या भागांतील संशोधकांनीं मोठ्या चिकाटीनें घेतला आहे. त्या शोधाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि आमच्यासारख्यांस तो अंतर्मुखहि करणारा आहे. तो थोडक्यांत वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या शोधाची पूर्वपीठिका अशी. माणसें पूर्वीपेक्षां अधिक वर्षें जगूं लागलीं तीं कशामुळें, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकच उत्तर सर्वतोमुखीं होतें. तें म्हणजे डॉक्टर, औषध आणि लस. बर्मिंगहॅम येथील सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक टॉमस मॅक्कीओन यांनीं या उत्तरास धक्का दिला. इंग्लंडांत क्षयानें होणारे मृत्यु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सारखे उतरत आले होते. आणि त्या रोगावरील पहिलें खरें औषध जें स्ट्रेप्टोमायसिन, तें तर १९४७ सालीं तेथें उपयोगांत आलें. उतार बहुतेक संपत आल्यावर औषध आलें, तेव्हां उताराचें श्रेय औषधाला कसें देतां येईल, असा त्यांचा सवाल होता. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हें श्रेय मुख्यतः सुधारलेल्या अन्नाला, म्हणजे पर्यायानें वाढलेल्या संपत्तीला, दिलें. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं सॅम्युएल प्रेस्टन या अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञानें निराळाच हिशेब मांडला होता. १९३० नंतरच्या तीस वर्षांत जगांतील आयुर्मान जें वाढलें, त्यापैकीं उत्पन्नाच्या वाढीकडे जाणारा भाग शेंकडा १० ते २५ इतकाच निघत होता. बाकीची वाढ पैशानें झालेली नव्हती. औषध हें सर्व उत्तर नव्हे आणि पैसा हेंहि नव्हे, तर मग उरलें काय?

सिलोनचें, म्हणजे आजच्या श्रीलंकेचें, उदाहरण त्या काळीं पुष्कळांच्या तोंडीं असे. १९३४-३५ च्या हिंवतापाच्या सांथींत त्या बेटावर सुमारें ८०,००० माणसें मेलीं होतीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथें डीडीटीची फवारणी सुरू झाली, आणि १९४६ सालीं दर हजारीं सुमारें २० असलेलें मृत्यूचें प्रमाण १९४७ सालीं सुमारें १४ वर आलें. एका वर्षांत एवढा उतार पूर्वीं कोणी पाहिला नव्हता. साहजिकच फवारणीचा जयघोष झाला. पण ज्या जिल्ह्यांत हिंवतापाचा उपद्रव फारसा नव्हता तेथेंहि मृत्यु उतरले होते, हें पुढें बारकाईनें पाहणारांच्या ध्यानांत आलें. फवारणीचा वांटा किती आणि इतर गोष्टींचा किती, यावर विद्वानांत जो वाद माजला तो पुष्कळ वर्षें चालला. डास मारून सगळें कोडें सुटत नव्हतें, एवढें मात्र त्या वादांतून निश्चित झालें.

हें कोडें सोडविण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांत ऑस्ट्रेलियाचे जॉन कॉल्डवेल हे अग्रणी होत. ते व त्यांच्या पत्नी पॅट कॉल्डवेल यांनीं पश्चिम आफ्रिकेंतील शहरांत आणि खेड्यांत अनेक वर्षें काम केलें. नुसते आंकडे गोळा करून त्यांचें समाधान होत नसे. घरोघर जाऊन गणती करावी आणि त्याच घरांत बसून सासू, सून, नवरा यांच्याशीं निवांतपणें बोलावें, अशी त्यांची दुहेरी पद्धति होती. शिरगणतीवाल्याची वही आणि मानववंशशास्त्रज्ञाचा कान हीं दोन्हीं एकाच माणसापाशीं क्वचितच असतात. तीं येथें होतीं.

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागांत एकिटी नांवाचा योरुबा लोकांचा मुलूख आहे. तेथील इडो आणि इसिन्बोडे हीं दोन गांवें ओरुबुलोये हे नायजेरियन संशोधक व कॉल्डवेल यांनीं पाहणीसाठीं निवडलीं. दोन्ही गांवांची भाषा व चालीरीति सारख्याच. भेद मुख्यतः एवढाच कीं, इडो येथें डॉक्टर असलेलें रुग्णालय होतें आणि इसिन्बोडे येथें वैद्यकाची कसलीच सोय नव्हती. दोन्हीकडे शिकलेल्या आया होत्या आणि न शिकलेल्याहि होत्या. त्यामुळें चार वर्ग आपोआप पडले. रुग्णालय नाहीं आणि आईहि निरक्षर, हा सर्वांत खालचा वर्ग पाया धरून हिशेब केला, तेव्हां असें दिसलें कीं, आई निरक्षर असतां नुसतें रुग्णालय जवळ आल्यानें जन्मकाळचें आयुर्मान शेंकडा २० नें वाढतें. रुग्णालय नसतांना नुसती आई शिकलेली असल्यानें तें शेंकडा ३३ नें वाढतें. आणि दोन्ही गोष्टी जुळून आल्या तर शेंकडा ८७ नें वाढतें. ही पाहणी १९७५ सालीं प्रसिद्ध झाली.

या तीन आंकड्यांपाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें. औषधावांचूनची पाटी ही पाटीवांचूनच्या औषधाहून अधिक गुणकारी ठरली, हें एक आश्चर्य. पण दुसरें त्याहून मोठें आहे. २० आणि ३३ मिळून ५३ होतात, ८७ होत नाहींत. वरचे ३४ कोणाचे? ते एकट्या रुग्णालयाचे नाहींत आणि एकट्या शाळेचेहि नाहींत. तीं दोन्हीं जेथें भेटतात त्या भेटीचे ते आहेत. रुग्णालयाचें दार तर सर्वांना सारखेंच उघडें होतें. मग शिकलेली आई त्या दारांतून जें घेऊन येत होती, तें न शिकलेल्या आईला कां मिळत नव्हतें? पुढील तीस-पस्तीस वर्षांचें संशोधन म्हणजे या एका प्रश्नाचा पाठलाग आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९७९ सालीं कॉल्डवेल यांनीं इबादान शहर व त्याचा परिसर येथील योरुबा स्त्रियांच्या पाहणीवरून एक निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयांत मैलाचा दगड मानला जातो. बापाचा धंदा, बापाचें शिक्षण, घर शहरांतलें कीं खेड्यांतलें, या सर्व गोष्टी हिशेबांत धरूनहि आईच्या शिक्षणाचें वजन कमी होत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें आणि त्याचीं तीन कारणें सुचविलीं. शिकलेली आई आजाराला दैवाची करणी समजून स्वस्थ बसत नाहीं, हें पहिलें कारण. बाहेरच्या जगांत तिला वावरतां येतें, ती डॉक्टरला प्रश्न विचारते आणि डॉक्टर व परिचारिका तिचें ऐकून घेतात, हें दुसरें. तिसरें कारण घरांतलें आहे, आणि कॉल्डवेल यांच्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें. परंपरागत कुटुंबांत अन्नाचा चांगला भाग कोणाला मिळावा, आजारी मुलाला कोठें न्यावें, केव्हां न्यावें आणि न्यावें कीं नाहीं, हे निर्णय तरुण आईच्या हातीं नसतात. ते सासूच्या, नवऱ्याच्या किंवा घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हातीं असतात. शाळेंत गेलेल्या सुनेपुढें मात्र सासूहि थोडी मागें सरते. तिला त्यांतलें कळतें, तिनें शाळा पाहिली आहे, असें म्हणून घर तिला मोकळीक देतें. आणि घरांतल्या वांटणींत मुलाचा वांटा वाढतो. हें सर्व वाचतांना आपण नायजेरियांतली हकीकत वाचीत आहों, असें आम्हांस क्षणभरहि वाटलें नाहीं. आमच्या वाचकांसहि वाटणार नाहीं.

शोधाचा दुसरा अध्याय आपल्याच देशाच्या दक्षिण टोंकाला लिहिला गेला. १९७५ सालीं तिरुवनंतपुरम् येथील विकास-अध्ययन-केंद्रानें संयुक्त राष्ट्रांसाठीं केलेली केरळची पाहणी बाहेर आली. दर माणशीं उत्पन्न भारताच्या सरासरीहूनहि कमी असलेला हा प्रांत आयुर्मानांत आणि साक्षरतेंत मात्र कितीतरी पुढें गेल्याचें तींत दिसून आलें. १९७१ सालीं भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें १२९ मुलें वर्षाच्या आंत मरत. केरळांत ५८ मरत. १९९१ सालीं हे आंकडे ८० आणि १६ असे होते. २०२० सालीं २८ आणि ६ असे होते. १९८५ सालीं इटलींतील बेलाजिओ येथें रॉकफेलर प्रतिष्ठानच्या विद्यमानें एक परिषद भरली. थोड्या खर्चांत चांगलें आरोग्य कोणी व कसें मिळविलें, हा तिचा विषय होता, आणि केरळ, श्रीलंका, कोस्टा रिका व चीन हीं तिची उदाहरणें होतीं. पुढच्याच वर्षीं कॉल्डवेल यांनीं या उदाहरणांची छाननी करून असें प्रतिपादन केलें कीं, गरीब असूनहि दीर्घायुषी झालेल्या या समाजांत स्त्रियांची मोकळीक, मुलींचें शिक्षण आणि सामान्य माणसाची राजकीय जागरूकता हीं लक्षणें वारंवार आढळतात.

केरळचा इतिहास पाहिला तर हीं लक्षणें एका दिवसांत आलेलीं नाहींत, हें स्पष्ट दिसतें. शिक्षणाचा सर्व खर्च सरकारनें सोसावा, अशा आशयाचें फर्मान त्रावणकोरची राणी गौरी पार्वतीबाई हिनें १८१७ सालीं काढलें. १८७९ सालीं त्याच संस्थानानें सरकारी नोकर, कैदी आणि विद्यार्थी यांना देवी काढून घेणें सक्तीचें केलें. म्हणजे शाळा आणि लस यांची गांठ तेथें तेव्हांच बांधली गेली. विलायतेंत वैद्यक शिकून आलेल्या मेरी पुन्नन लुकोस या बाई १९१६ सालीं तिरुवनंतपुरम् येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत रुजू झाल्या आणि १९३८ सालीं संस्थानच्या सर्जन-जनरलच्या पदावर चढल्या. रुग्णालयांत डॉक्टर म्हणून बाई दिसणें, ही गोष्ट तेथील दोन पिढ्यांना सवयीची होऊन गेली. परंतु हें सर्व राजघराण्याच्या कृपेचें फळ होतें, असें मानणें भोळेपणाचें होईल. पुलय जातीच्या मुलांना सरकारी शाळेंत बसूं द्यावें म्हणून अय्यंकाळी यांना विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतमजुरांचा संप घडवून आणावा लागला. नारायण गुरूंच्या चळवळीनें एळवा समाजांत शिक्षणाची भूक उत्पन्न केली. अक्षर तेथें कांहींना दान म्हणून मिळालें आणि पुष्कळांनीं तें भांडून घेतलें. आणि भांडून घेतलेली वस्तु माणूस अधिक जपतो. मद्रास इलाख्यांत राहिलेला मलबार या सर्व बाबतींत मागें होता. १९५६ सालीं केरळ राज्य झाल्यावर त्यानें तें अंतर पुष्कळ अंशीं भरून काढलें. यावरून हा गुण रक्ताचा किंवा हवापाण्याचा नसून व्यवस्थेचा आहे, हें उघड होतें.

केरळ आणि तमिळनाडू या दोन्ही प्रांतांतील खेड्यांत काम केलेल्या जोन मेन्चर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं १९८० सालीं एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें. केरळांत एखादें आरोग्यकेंद्र कांहीं दिवस डॉक्टरवांचून राहिलें तर लोक जवळच्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतात. आपल्या हक्काची वस्तु ते मागतात. शेजारच्या प्रांतांतील गरीब माणसाला असें कांहीं मागतां येतें याचीच कल्पना नव्हती. केंद्राची इमारत दोन्हीकडे होती. मागणारा एकीकडेच होता. श्रीलंकेंतहि हेंच. तेथें १९३१ सालीं स्त्रीपुरुषांस सरसकट मताधिकार मिळाला आणि १९४५ सालीं शिक्षण मोफत झालें. तेथील आयांचा अभ्यास करून कॉल्डवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं असें लिहिलें कीं, मुलाच्या आजाराची पहिली खूण ओळखण्यांत, लगेच दवाखाना गांठण्यांत, आणि गुण येत नाहीं असें दिसतांच दुसरा उपाय शोधण्यांत त्या फार तत्पर असतात. ही तत्परता औषधाच्या बाटलींतून येत नाहीं. ती संस्कृतीचा भाग होऊन बसावी लागते.

येथपर्यंतची हकीकत वाचून आमच्या आरंभींच्या निवाड्याला पुष्टि मिळाली, असें कोणास वाटेल. पण शास्त्राचा मार्ग इतका सरळ नसतो. १९८८ सालीं जॉन क्लेलंड व व्हान गिनेकेन यांनीं तोंवरच्या पाहण्यांचा आढावा घेऊन दाखविलें कीं, आईचें शिक्षण व मुलाचें जगणें यांतील जो संबंध दिसतो, त्याचा सुमारें निम्मा भाग शिकलेल्या बाईच्या घरीं असलेल्या सुस्थितीमुळें असतो. १९९८ सालीं सोनाल्दे देसाई आणि सौम्या अल्वा या दोघी भारतीय विदुषींनीं २२ देशांतील माहिती घेऊन याहून कठोर परीक्षा केली. शिकलेली मुलगी शिकलेल्या नवऱ्याला दिली जाते. ती नळाचें पाणी आणि शौचकूप असलेल्या घरांत जाते. आणि तें घर बहुधा सोयी असलेल्या गांवांतच असतें. या गोष्टी वजा केल्यावर अर्भकांच्या मृत्यूवर आईच्या शिक्षणाचा स्वतंत्र परिणाम मोजक्याच देशांत ठामपणें उरला. मात्र मुलाला लस टोंचून घेण्याच्या बाबतींत तो सुमारें निम्म्या देशांत तसाच टिकला. म्हणजे जेथें कोणा तरी दाराशीं जाऊन कांहीं मागावयाचें, मिळवावयाचें असतें, तेथें अक्षराची शक्ति दिसते. जेथें प्रश्न नळाचा आणि गटाराचा असतो, तेथें एकट्या आईची पाटी फारसें करूं शकत नाहीं.

इतिहासानेंहि या मर्यादेची साक्ष दिली. प्रेस्टन आणि मायकेल हेन्स यांनीं अमेरिकेच्या १९०० सालच्या शिरगणतीच्या मूळ कागदांवरून तेथील बालमृत्यूंचा अभ्यास केला व तो १९९१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांतील एक गोष्ट मनाला चटका लावते. १९०० च्या सुमारास खुद्द डॉक्टरांचीं मुलें मरण्याचें प्रमाण देशाच्या सरासरीहून थोडेंच कमी होतें, शिक्षकांचेंहि तसेंच. विद्या होती, पैसा होता, मायाहि होती. पण जंतूंचें ज्ञान घरांतल्या हात धुण्यापर्यंत आणि दूध उकळण्यापर्यंत अजून पोंचलें नव्हतें. पुढील पाव शतकांत तें पोंचलें आणि त्याच घरांतील बालमृत्यु इतरांच्या मानानें झपाट्यानें उतरले. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, जाणण्यासारखें कांहीं असेल आणि तें मिळण्याची सोय असेल, तरच जाणत्याचा फायदा होतो. इडोच्या त्या वरच्या ३४ चें मर्म हेंच आहे.

मग शाळा देते तरी काय? आरोग्याचे धडे देते, असें म्हणावें तर पाहण्यांत निराळेंच दिसतें. ज्या शाळांत या आया गेल्या त्यांपैकीं पुष्कळ शाळांत आरोग्याचा विषय नांवालाच होता, आणि पुष्कळ जणी चौथी-पांचवीपलीकडे गेल्या नव्हत्या. रॉबर्ट लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेक्सिको, नेपाळ, व्हेनेझुएला आणि झांबिया या चार देशांतील आयांची वाचनाची व ऐकून समजण्याची परीक्षा घेतली, आणि त्या दीर्घ अभ्यासाचें पुस्तक २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या मतें शाळा देते ती एक विशिष्ट भाषा. घरची बोली जवळच्या माणसाशीं बोलण्याची असते. ऐकणाराला पुष्कळसें आधींच ठाऊक असतें. शाळेची, कचेरीची आणि दवाखान्याची भाषा परक्या माणसाशीं बोलण्याची असते. तींत अथपासून इतिपर्यंत क्रमानें सांगावें लागतें. ताप केव्हां आला, किती दिवस राहिला, जुलाब किती झाले, औषध कोणतें दिलें, हें त्या क्रमानें सांगणारी बाई डॉक्टरला शहाणी वाटते. आणि डॉक्टरनें सांगितलेलें त्याच क्रमानें तिच्या लक्षांत राहतें. चार यत्ता शिकलेली बाई जंतुशास्त्र विसरली तरी ही भाषा विसरत नाहीं.

हें आम्हांस या सर्व संशोधनाचें सार वाटतें, आणि येथेंच आमचा आरंभींचा निवाडा डळमळूं लागतो. न शिकलेल्या आईला मुलाच्या आजाराचें कांहीं ठाऊक नसतें, असें नाहीं. मूल रात्रीं कितीदां उठलें, त्यानें अंगावर पिणें केव्हां सोडलें, हें तिच्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें. पण तिला तें कचेरीच्या भाषेंत सांगतां येत नाहीं, आणि पलीकडे बसलेल्या आम्हां शिकलेल्यांना तिच्या भाषेंत ऐकतां येत नाहीं. यांपैकीं पहिल्या उणिवेला आपण अज्ञान म्हणतों. दुसऱ्या उणिवेला आपण अद्याप नांवच दिलेलें नाहीं.

महाराष्ट्राच्या इतिहासांत या दुसऱ्या उणिवेचें एक ठळक उदाहरण आहे. १८९७ सालच्या पुण्यांतील प्लेगांत सरकारनें आरोग्याची व्यवस्था केली नाहीं, असें कोणी म्हणणार नाहीं. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीनें गोरे सोजीर घरोघर घातले, रोगी हुडकून रुग्णालयांत नेले, घरें धुतलीं, सामान जाळलें. शास्त्राच्या दृष्टीनें त्यांत कांहीं तथ्यहि असेल. पण घरांतल्या माणसाशीं बोलण्याची भाषा त्या व्यवस्थेजवळ नव्हती, आणि ती शिकण्याची इच्छाहि नव्हती. लोक रोगी लपवूं लागले. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीं, त्याच पुण्यांत, एका प्लेगग्रस्त मुलाला आपल्या मुलाच्या दवाखान्यांत पोंचवितांना सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. १८४८ सालीं मुलींच्या शाळेंत शिकविण्यास उभ्या राहिलेल्या बाई एका मुलाचा जीव वांचवितांना गेल्या, या योगायोगांत आम्हांस पुष्कळ अर्थ दिसतो. 

या गोष्टीला जवळजवळ शंभर वर्षें झाल्यावर महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोंकाला, गडचिरोलींत, या प्रश्नाचें आणखी एक उत्तर सांपडलें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें आपली संस्था काढली. त्या भागांत नवजात मुलें मरण्याचें प्रमाण दर हजारीं ६० च्या आसपास होतें; बाळंतपणें बहुधा घरींच होत आणि आयांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या. सर्व आया शिकून होईपर्यंत थांबावें, असें त्यांनीं म्हटलें नाहीं, आणि गांवोगांव रुग्णालय बांधावें, असेंहि म्हटलें नाहीं. त्यांनीं ३९ गांवांत त्या त्या गांवांतलीच, पांच ते दहा यत्ता शिकलेली एकेक बाई निवडली आणि तिला बाळाचें वजन करणें, त्याला ऊब देणें, गुदमरलेल्या बाळास श्वास देणें, जंतुदोषाची लक्षणें ओळखून औषध देणें, हें शिकविलें. ती बाई आईच्या घरीं जाई आणि आईच्याच बोलींत बोले. शेजारच्या ४७ गांवांत अशी योजना नव्हती. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण दर हजारीं सुमारें २५ वर उतरलें होतें, आणि शेजारच्या गांवांत तें ६० च्या जवळच राहिलें होतें. आया त्याच होत्या. त्यांच्याशीं बोलणारें माणूस मात्र बदललें होतें. पुढें आशा कार्यकर्त्यांच्या द्वारें नवजात बाळांची घरीं काळजी घेण्याची जी योजना भारत सरकारनें २०११ सालीं हातीं घेतली, तिचें मूळ या प्रयोगांत आहे.

यावरून मुलींच्या शिक्षणाचें महत्त्व कमी होतें, असा अर्थ कोणी काढूं नये. गडचिरोलीची ती बाई पांच यत्ता शिकलेली नसती तर तिला वजनाचा आंकडा लिहितां आला नसता. २०१० सालीं १७५ देशांच्या माहितीवरून एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला आहे. १९७० च्या मानानें २००९ सालीं जगांत पांच वर्षांखालील मुलांचे ८२ लाख मृत्यु कमी झाले, आणि त्यांपैकीं सुमारें ४२ लाख, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, तरुण स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाच्या खात्यावर पडतात, असें त्यांत दाखविलें आहे. अशा हिशेबांना देसाई-अल्वा यांच्यासारख्यांचे आक्षेप लागू आहेतच. पण ते सर्व मान्य करूनहि जो अंश उरतो तो लहान नाहीं. मुलींची शाळा ही बालकांच्या आरोग्याची एक संस्था आहे, हें आतां कोणाला नाकारतां येणार नाहीं.

पण शाळेचें फळ हातीं येण्यास एक पिढी लागते, आणि आज आजारी असलेलें मूल एक पिढी थांबूं शकत नाहीं. तोंवर करावयाचें काय, याचें उत्तर आईनें द्यावयाचें नसून दवाखान्याच्या मेजापलीकडे, शाळेच्या खुर्चींत आणि कचेरींत बसलेल्या आपण मंडळींनीं द्यावयाचें आहे. शिकलेल्या आईचें मूल जगतें, हें खरें. तें जगण्याचें एक कारण असें कीं, तिचें म्हणणें घरांत आणि दारांत ऐकून घेतलें जातें. तेव्हां न शिकलेल्या आईचें मूल गेलें असतां, तिच्या अज्ञानाचा त्यांत वांटा किती आणि आमच्या बहिरेपणाचा किती, याची वांटणी झाल्यावांचून आम्हीं तो जुना निवाडा पुन्हा उच्चारूं नये.